जागा धरणारी

१

जयराज सूर्यवंशी सरांना दोन गोष्टींचा भारी तोरा होता. एक इंग्रजीचा आणि दुसरा गळ्यात अडकवलेल्या स्टॉपवॉचचा. इंग्रजी ते कॉलेजात शिकवायचे आणि बाकी सगळीकडे झाडायचे. स्टॉपवॉच क्रीडाशिक्षकाकडून एकदा मागून आणलेलं, ते परत द्यायचं राहूनच गेलं होतं. आटपाडीत नाटक समजणारा माणूस एकच, तो म्हणजे आपण, आणि बाकीची सगळी मेंढरं, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. ते मत ते लपवत नसत, तेवढा एक प्रामाणिकपणा त्यांच्यात होता.

१९९८ च्या डिसेंबरात त्यांनी सांगलीच्या नाट्यस्पर्धेसाठी एका जुन्या इंग्रजी भयकथेचं नाटक दुसऱ्यांदा बसवायला घेतलं. कथा राणीच्या राज्यातली, शंभर वर्षांपूर्वीची. एक तोंडाळ साहेब असतो. त्याची बायको खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसलेली असते आणि हा तीन दिवस तिला अक्कल शिकवत राहतो. ती कधीच मेलेली आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही, कारण तिच्याकडे वळून बघायची सवयच त्याला नसते. चौथ्या दिवशी ती उत्तरं द्यायला लागते. सरांनी साहेबाचा दिवाण केला, लंडनचं महाबळेश्वर केलं, आणि धुकं आयतंच मिळालं म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली.

यंदा मात्र त्यांनी बायकोची सगळी वाक्यं काढून टाकली होती. दिवाण रिकाम्या खुर्चीशी बोलणार, आणि खुर्चीत कोणी आहे का ते प्रेक्षकांनी ठरवायचं. सर याला प्रतीकात्मक म्हणायचे. सांगलीच्या परीक्षकांना असलं काहीतरी लागतं, हे सात वर्षं हात हलवत परत आल्यावर त्यांना कळलं होतं. दिग्दर्शनाचं बक्षीस एकदा तरी मिळावं, पेपरात नाव यावं आणि स्टाफरूममधली तोंडं बंद व्हावीत, एवढ्यासाठी हा माणूस झुरत होता.

तालीम शाळेच्या हॉलमध्ये, संध्याकाळी पाच ते आठ. कागदावर नाटक एक तास एकेचाळीस मिनिटांचं होतं. पहिली सलग तालीम संपली तेव्हा सरांनी स्टॉपवॉच दाबलं आणि काटा बघून त्यांचं डोकं फिरलं. एक तास बावन्न.

"अकरा मिनिटं कुठं घातलीत? मध्येच चहा पिऊन आलात की काय?"

दिवाणाचं काम करणारा नागसेन पोस्टात कारकून होता. वय पस्तिशीच्या पुढे, आवाज खणखणीत आणि स्वभाव गरीब. तो म्हणाला, "सर, नेहमीच्याच वेगानं बोललो की."

"नागसेन, पोस्टात पत्र तीन दिवस पडून राहिलं तर चालतं. स्टेजवर वाक्य पडून राहिलेलं चालत नाही. उद्या अकरा मिनिटं कमी झाली पाहिजेत."

दुसऱ्या दिवशीही एक तास बावन्नच मिनिटं लागली. तिसऱ्या दिवशीही तेवढीच. सरांनी स्टॉपवॉच कानाला लावून बघितलं, मग मनगटावरचं घड्याळ बघितलं. दोन्ही बरोबर होती.

२

आता ती वाक्यं सरांनी का काढली, ते सांगायला हवं. सर स्वतः ते कधी सांगणार नाहीत.

आमच्याकडच्या मंडळांची एक रीत होती. गावातल्या बायका नाटकात काम करत नसत, त्यांच्या घरचे करू देत नसत. म्हणून नटी सांगलीहून यायची. ती यायची शेवटच्या चार तालमींना. तोवर दोन महिने तिच्या जागी कोणीतरी उभं राहावं लागे, नाहीतर बाकीच्यांनी बोलायचं कुणाशी? त्या माणसाला म्हणायचे जागा धरणारी. एसटीच्या सीटवर रुमाल टाकतात ना, त्यातलाच प्रकार.

सरांच्या मंडळात सहा वर्षं जागा धरायला राहीबाई ऐवळे होती. अंगणवाडीत मदतनीस. पोरांची खिचडी शिजवून, भांडी घासून ती पाचच्या ठोक्याला हॉलवर हजर. सगळे तिला आक्का म्हणत. सर तिला काहीच म्हणत नसत. "ती बाई कुठाय?" एवढंच विचारत. दोन महिन्यांत तिचं सगळं नाटक पाठ व्हायचं, स्वतःचंही आणि दुसऱ्यांचंही. मग सांगलीची बाई गाडीतून उतरायची आणि आक्का उठून चहा करायला जायची. दर वर्षी सर म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." दर वर्षी ती मान डोलवायची. लागलं असेल तिला, पण विचारणार कोण?

दोन वर्षांपूर्वी हेच नाटक होतं, बायकोच्या वाक्यांसकट. सांगलीला नाट्यगृहात सगळे रंगून तयार, आणि सांगलीच्या बाईंचा निरोप आला की त्या येत नाहीत. पहिल्या घंटेला एक तास होता. नागसेन धावत सरांकडे गेला.

"सर, आक्काला सगळं पाठ हाय. साडी बी नेसवलीया तिला. मागं वळायचं बी न्हाई, नुसतं लोकांकडं पाठ करून बोलायचंय."

सर हसले. "आटपाडीच्या अंगणवाडीतली बाई आणि दिवाणसाहेबांची बायको? अरे, चेहरा तरी बघितलास का तिचा?"

"व्हय, बघितलाय," नागसेन म्हणाला. "तुमी?"

सरांनी प्रयोगच रद्द करून टाकला. आक्का रंगपटाच्या दारात हिरवी पैठणी नेसून उभी होती. तिनं विचारलं, "सर, साडी सोडू का?" सर घड्याळ बघत होते. "हो, सोडा," ते म्हणाले.

त्याच उन्हाळ्यात आक्का काविळीनं गेली. मंडळानं दोन मिनिटं शांतता पाळली. सरांनी स्टॉपवॉच लावलं होतं, आणि दीड मिनिटालाच ते म्हणाले, "चला, बसा."

३

चौथ्या दिवशी सरांनी अकरा मिनिटांचा छडा लावायचा ठरवलं. ते खुर्च्यांच्या रांगेतून उठून थेट विंगेत गेले. तिथं स्टुलावर धोंडीबा बसलेला. शाळेचा रिटायर शिपाई, मंडळाचा कायमचा प्रॉम्प्टर. मांडीवर नाटकाची वही, नाकावर चष्मा आणि वाक्यावाक्यागणिक पुढे सरकणारं बोट.

स्टेजवर नागसेन रिकाम्या वेताच्या खुर्चीला म्हणत होता, "मी एवढा बोलतो आहे, तुला काही वाटतं का?" मग तो थांबला. नोकराचं काम करणारा कृष्णात हातात तबक धरून उभा होता, तोही थांबला. सरांनी काटा बघितला. चार, पाच, सहा सेकंद. मग नागसेन तटकन मागे सरकला आणि पुढचं वाक्य बोलला.

सर त्याला झापणार होते, पण त्यांची नजर धोंडीबाच्या बोटाकडे गेली. बोट चालूच होतं. नागसेन गप्प असताना ते लाल शाईनं खोडलेल्या ओळीवरून हळूहळू सरकत होतं. वाक्यं काढून टाकल्यावर सरांनी नवी वही केली नव्हती, जुन्याच वहीत रेघा मारल्या होत्या. चिक्कूपणा, दुसरं काय!

"धोंडीबा, खोडलेलं कशाला वाचतोयस?"

"म्या कुटं वाचतोय?" म्हातारा वहीतून मान वर न करता म्हणाला. "प्रॉम्प्टर आदी थोडाच बोलतो? बोलणाऱ्याच्या मागनं जातोय."

"कोण बोलतंय?"

आता त्यानं मान वर केली. सरांकडे बघितलं, मग खुर्चीकडे. त्याला प्रश्नच कळला नाही असा त्याचा चेहरा होता. "तालीम चाललीया न्हवं सर," तो म्हणाला. "मधी बोलू नगासा."

सरांनी नागसेनला खाली बोलावलं. "तू का थांबतोस?"

"सर, मी थांबत न्हाई. समोरच्याचं वाक्य संपलं, माझा क्यू आला की बोलतो."

"क्यू कोण देतं तुला? खुर्ची?"

नागसेन अवघडला. "ते मला सांगता यायचं न्हाई. पण मिळतो, येवढं खरं."

सरांनी मनाशी निदान करून टाकलं. ही माणसं दोन वर्षांपूर्वी दोन महिने त्या बाईबरोबर घोकंपट्टी करत होती. घाण्याच्या बैलाला फेरा पाठ होतो तसं झालंय. त्यात भुताखेताचं काही नाही, नुसता अडाणीपणा आहे. निदान छान होतं. घरी जाताना मात्र त्यांना एक गोष्ट खटकत राहिली. खोडलेल्या जागी सगळे सारखेच थांबत होते, आणि यंदा पहिल्यांदाच आलेला कृष्णातही थांबत होता. कृष्णातनं राहीबाईला कधी बघितलंच नव्हतं.

४

शेवटचा उपाय म्हणून सर स्वतः खुर्चीत जाऊन बसले. खिडकीच्या लाकडी चौकटीकडे तोंड, सगळ्यांकडे पाठ. "आता करा. आणि खुर्चीत जयराज सूर्यवंशी आहे, एवढं ध्यानात ठेवा."

वेत कुरकुरला. हॉलच्या त्या कोपऱ्यात खडूचा आणि ओल्या सतरंजीचा वास येत होता. चौकटीत समोर भिंत, भिंतीवर कोणा पोरानं काढलेली विमानाची रेघ. सरांच्या ध्यानात आलं की इथून दुसरं काहीच दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी दोन महिने कोणीतरी इथं बसून त्या विमानाकडे बघत होतं.

मागून नागसेनचा आवाज आला. दिवाण बायकोला सुनवत होता: तिचं माहेर, तिचा रंग, तिची चाल. वाक्यं सरांचीच. पण ती समोरून ऐकणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. प्रत्येक वाक्य मानेवर येऊन बसत होतं. माणूस माणसाशी असं बोलतो? सर चुळबुळले. हे आपणच लिहिलंय, हे त्यांना मिनिटभर खरं वाटेना.

"मी एवढा बोलतो आहे, तुला काही वाटतं का?"

मग शांतता. सर गप्प बसले. या शांततेत कोण काय करतं तेच तर त्यांना पकडायचं होतं. बाहेर कुणीतरी हापसा मारत होतं. हापसा थांबला. एक, दोन, तीन. सरांनी दात घट्ट आवळून धरले होते, अगदी दुखेपर्यंत. सहा. आणि नागसेन तटकन मागे सरकून पुढचं वाक्य बोलला.

सर ताडकन उठले. "बघा! मी एक अक्षर बोललो नाही, तरी तू सहा सेकंद थांबलास. का?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. नागसेन खाली मान घालून म्हणाला, "सर, बोललासा की."

"काय बोललो?"

विंगेतून धोंडीबा वही घेऊन बाहेर आला. त्यानं खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "'झालं का तुमचं? आता मी बोलू?' अगदी बरोबर बोललासा. फकस्त लय बारीक आवाजात. आक्काचा आवाज शेवटच्या बाकापत्तुर जायाचा."

सरांनी सगळ्यांना शिव्या घातल्या. मंद, बिनडोक, उंडग्यांनो, माझी टिंगल करता? मग त्यांनी तालीम तिथंच मोडली. त्या रात्री त्यांना घास गेला नाही. भीती वाटत होती असं ते मेले तरी म्हणाले नसते. जबडा दुखत होता, एवढंच ते बायकोला म्हणाले.

५

जानेवारीत प्रयोग झाला. दुपारी टेम्पोतून सामान गेलं, माणसं एसटीनं गेली. वेताची खुर्ची टेम्पोत उलटी टाकली होती, ती सांगलीत उतरवताना सरळ निघाली. कृष्णातनं तसं बोलून दाखवलं, सर त्याच्यावर खेकसले.

सर प्रयोगभर विंगेत उभे होते. तिथून खुर्ची बाजूनं दिसते. ती रिकामी होती, अगदी ढळढळीत रिकामी. सरांनी चष्मा पुसून पुसून बघितली. त्यांना हायसं वाटलं. मग त्यांनी पडद्याच्या फटीतून प्रेक्षकांत डोकावलं. पहिल्या रांगेत तीन परीक्षक बसले होते. नागसेन बोलायचा तेव्हा त्यांच्या माना नागसेनकडे. नागसेन थांबला की तिन्ही माना एकदम खुर्चीकडे वळत, तिथं थोडा वेळ राहत, आणि मधल्या बाई परीक्षक भराभर काहीतरी लिहून घेत. मागच्या रांगांतही तेच. चारशे माणसं एकाच वेळी एका जागी ऐकत होती. एका शांततेला तर टाळ्या पडल्या.

नाटक एक तास बावन्न मिनिटांत संपलं.

प्रयोगानंतर कँटीनजवळ एका पोक्त बाईंनी सरांना गाठलं. "बाई कोण हो तुमच्या? शेवटपर्यंत पाठ ठेवली, पण काय बोलल्या! चेहरा का दाखवला नाहीत त्यांचा?"

सांगलीची माणसं टवाळ, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. "आमच्या नाटकात बाई नाही," ते तुसडेपणानं म्हणाले आणि चालू लागले. बाई मागे हसल्या. विनोद समजून हसतात तशा.

६

बक्षीस समारंभ पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी अकराला, त्याच नाट्यगृहात. खिडक्या उघड्या, बाहेर लख्ख ऊन. सर नवा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले. शेजारी नागसेन. समोरच्या रांगेत सरांच्या बरोबर पुढची खुर्ची रिकामी होती.

नेपथ्य गेलं. प्रकाशयोजना गेली. दिग्दर्शन, तिसरं, दुसरं, पहिलं. सरांचं नाव कशातच नव्हतं. सर टाळ्या वाजवत राहिले, आणि तोंडातल्या तोंडात परीक्षकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिले.

"स्त्री अभिनय, प्रथम," निवेदक म्हणाला. "राहीबाई धनाजी ऐवळे, आटपाडी."

सरांच्या हातातली टाळी तशीच राहिली. मांडीवरच्या फाइलमध्ये प्रवेश अर्जाची प्रत होती, ती त्यांनी ओढून काढली. त्यांच्याच अक्षरात, निळ्या शाईत लिहिलेलं होतं: स्त्री कलाकार, नाही. मग नाव दिलं कुणी? नागसेननं. दुसरं कोण देणार? सर त्याच्याकडे वळले, पण नागसेनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं आणि तो पुढे बघत होता.

मधल्या वाटेनं एक बाई स्टेजकडे निघाली होती. मागून आली, सरांच्या शेजारून गेली, म्हणजे पाठच दिसली. हिरवी पैठणी, मोठा अंबाडा, पायांत साध्या स्लिपर. पायऱ्या चढून ती गेली, वाकून प्रमाणपत्र घेतलं. मधल्या बाई परीक्षकांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. सरांचं डोकं झपाट्यानं चालायला लागलं. बहीण असेल. जाऊ असेल. या लोकांनी कोणालातरी नटवून आणलंय, मला गावात तोंड दाखवायला जागा राहू नये म्हणून. चेहरा बघितला की झालं. आत्ता वळेल, मग बघतो, आणि इथंच उठून सगळ्यांना उघडं पाडतो.

ती वळली.

उजेड भरपूर होता. सरांनी तिला नीट बघितलं. चाळिशीची बाई, गव्हाळ, गालावर देवीचा एक वण, पुढचा दात किंचित तिरका. प्रमाणपत्र छातीशी धरून ती सभागृहाकडे बघत होती, आणि सभागृह टाळ्या वाजवत होतं. सर बघत राहिले. ही राहीबाई आहे की नाही, ते त्यांना सांगता येईना. देवीचा वण होता का तिला? दात? सहा वर्षं, रोज तीन तास. आठवायला गेलं की नुसती पाठ यायची, अंबाडा आणि चहाची किटली.

त्यांनी नागसेनची बाही घट्ट पकडली. "नागसेन, ती... ती कोण आहे रे?"

नागसेननं मान वळवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं सरांकडे असं बघितलं, जसं सर इतकी वर्षं सगळ्यांकडे बघत आले होते.

"तुमास्नी वळखाया येईना व्हय?" तो म्हणाला, आणि त्यानं बाही सोडवून घेतली.

टाळ्या ओसरल्या. ती पायऱ्या उतरली, रांगेतून वाट काढत आली आणि सरांच्या पुढच्या रिकाम्या खुर्चीत बसली. हातभर अंतरावर तिचा अंबाडा, मानेवरचा घाम, पैठणीचा काठ. निवेदकानं पुढचा कागद उघडला, पण तो काही बोलेना. आजूबाजूची माणसंही गप्प झाली, थांबून राहिली.

सरांचा अंगठा सवयीनं स्टॉपवॉचवर गेला. एक, दोन, तीन. नाटक त्यांचंच होतं, त्यामुळे त्यांना ठाऊक होतं. पुढचं वाक्य तिचं होतं.